गच्चीवरचं ऊन

उन्हाळा आल्याचं मला हल्ली मोगऱ्यावरून कळत नाही, आंब्याच्या गाड्यांवरूनही नाही. टीव्हीवर विमलक्का दिसली की समजायचं, आला. एका कन्नड वाहिनीकडे तिची काही सेकंदांची चित्रफीत आहे. हेब्बाळच्या तळ्याचा काठ, आणि पांढरी टोपी काढून बाटलीतलं पाणी भसाभसा डोक्यावर ओतणारी एक म्हातारी. डोळे मिटलेले, तोंड उघडं. खाली लाल पट्टी. पट्टीवरचा मजकूर दर उन्हाळ्यात बदलतो. एकदा सूर्य कोपलेला असतो, एकदा शहराची भट्टी झालेली असते. परवा ज्येष्ठांना घराबाहेर न पडण्याचा सल्ला होता. बाई तीच. तिच्या खांद्यामागे एक काळसर कोपर दिसतं, ते माझं.

विमलक्का तेव्हा हसत होती. आवाज काढून टाकला की हसणं आणि धापा टाकणं यांत फरक दिसत नाही.

हे चित्र दिसलं की घरातलं कुणी आता मान वर करत नाही. माझी नात मिहिका तेवढी फोनमधून डोकं काढते आणि मला हवामान वाचून दाखवते. परवा म्हणाली, “आजी, बाहेर छत्तीस आहे, पण फील्स लाइक फोर्टी-वन!”

“कुणाला फील होतंय गं?”

“ॲपला.”

“मग ॲपला म्हणावं सावलीत बस. मी जाऊन येते.”

“आजी, प्लीज ना. तुझं वय काय, तू करतेस काय!”

मी सत्तरीला टेकले आहे आणि पळते. जोरात नाही. माझ्या शेजारून एखादा भरभर चालणारा गृहस्थ सहज पुढे जातो आणि जाताना मला शाबासकी देतो. ती मी घेते. या वयात मिळेल ते घ्यावं. पण यंदा चित्रफीत दिसली आणि मी मनाशी ठरवलं, की या उन्हाळ्यात विमलक्काला एकदा तरी तळ्यापर्यंत न्यायचं. पळायला नाही. नुसतं काठावरच्या बाकापर्यंत, माझ्या हाताला धरून.

आता उन्हाचं आणि माझं नातं सांगायला हवं, म्हणजे एका शिष्ट मुलीची ओळख करून द्यायला हवी. ही मुलगी नागपूरची. कॉलेजात आठशे मीटर पळायची. गुडघ्याखाली स्कर्ट, दोन घट्ट वेण्या आणि जगातलं सगळं ज्ञान. शर्यतीआधी पाणी प्यायलं की पोट जड होतं, हा तिचा स्वतःचा शोध. एप्रिलच्या भर दुपारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. मैदानावर पायाखालची माती चुलीतल्या राखेसारखी. बाकीच्या मुली पन्हं पीत होत्या, खिशात कांदे ठेवत होत्या. ही बया त्यांच्याकडे बघून हसत होती. शेवटच्या वळणावर तिला पांढरं दिसायला लागलं आणि ती जी आडवी झाली, ती खेळाच्या बाईंनी अख्खा माठ अंगावर ओतल्यावरच उठली. उठून पहिला प्रश्न, “कितवी आले?”

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. लग्नाच्या पंगतीत, बारशात, नवऱ्याच्या ऑफिसच्या सहलीत. दर वेळी सांगताना त्या दुपारचा पारा थोडा वर चढला. हल्ली माझ्या त्या शर्यतीत सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस सहज असतं. टीव्हीवाल्यांना मी नावं ठेवते खरी, पण ही कला मला त्यांच्या आधीपासून येत होती.

मग ती मुलगी लग्न होऊन बेंगळुरात आली. एप्रिलमध्येच आली. बॅगेत चार सुती दुपट्टे, कैरीचा गर घालून भरलेली बरणी आणि आईनं कोंबलेले पांढरे कांदे. इथं सासरी पहाटे सगळे स्वेटर घालून कॉफी पीत बसलेले. छताकडे बघितलं तर पंखाच नाही. पंख्याचा हूकसुद्धा नाही. या बाईसाहेबांनी माहेरी पत्र लिहिलं, इथं उन्हाळा नसतो, उन्हाळ्याची नुसती सुट्टी असते. शेजारणी पदरानं वारा घेत “तुंबा सेके, तुंबा सेके” म्हणायच्या, की किती हा उकाडा, आणि ही गालात हसायची. नागपूरच्या माणसाला इतर गावांचं ऊन हे ऊन वाटतच नाही. आमच्याकडे तो अभिमान रेशनकार्डासारखा जपून ठेवतात. पळणं मात्र बंद झालं. साडीत कसं पळणार, आणि कुणाच्या मागे?

पुन्हा पळायला लागले ती साठीनंतर, नवरा गेल्यावर. डॉक्टर म्हणाले चालत जा. चालताना रडू यायचं, पळताना यायचं नाही. एवढंच कारण.

विमलक्का तिथंच भेटली. मी तळ्याच्या काठच्या वाटेवर मधोमध चालले होते आणि मागून आवाज आला, “अगं बाई, स्वल्प बाजूला हो की!” स्वल्प म्हणजे जरासं. कन्नडाला मराठीची फोडणी, की उलट, ते मला कळेना. वळून बघते तर नऊवारी नाही पण जवळपास तशीच खोचलेली सुती साडी, खाली मुलाचे जुने बूट, आणि डुलत डुलत पळणारी एक गोल बाई. तिची माणसं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आली, ती इथलीच झाली. तिच्या मराठीत ‘सरी’ म्हणजे बरं, ‘सुम्मने’ म्हणजे उगीच, आणि ‘अय्यो’ म्हणजे परिस्थितीप्रमाणे काहीही. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला विमलक्का म्हणायला लागले. ती मला पहिल्या दिवसापासून शालिनी म्हणाली, जणू मीच तिच्या पाटावर बसून मुळाक्षरं गिरवली होती.

आम्ही दोघी मिळून उन्हाला कसं चुकवायचो ते कुठल्या वाहिनीनं विचारलं नाही, म्हणून इथं सांगते. दिवस उजाडायच्या बेतात असताना निघायचं. निघण्यापूर्वी पातळ ताक, त्यात मीठ, आलं, कढीपत्ता. तिच्या भाषेत मज्जिगे. मानेवर ओला पंचा. ऊन चढलंच तर झाडापासून झाडापर्यंत पळायचं आणि मधल्या उघड्यावर चालायचं. आणि वेगाचा नियम विमलक्काचा, “पळता पळता सुनेबद्दल पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं, की थांब.” तिची सून दीपा तशी गुणाची मुलगी. तिच्याबद्दल बोलण्यासारखं फार नव्हतं. म्हणून आम्ही माझ्या जावयाबद्दल बोलायचो. त्यावर तळ्याच्या कितीही फेऱ्या होतील.

करंजाला फुलं आली की त्या वाटेवर फिकट जांभळट सडा पडायचा. पायाखाली तो इतका मऊ असायचा, की आपलं वजन आपलं वाटायचं नाही. तळं आटलेलं असलं की चिखलाचा वास, त्यात मध्येच कुठल्या तरी बंगल्यातली कॉफी. उड्डाणपुलावरून विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज चालूच. पाणकावळे पंख पसरून बसलेले, वाळत घातल्यासारखे.

ती चित्रफीत निघाली त्या वर्षी मेच्या शेवटी शहरात दहा किलोमीटरची दौड होती आणि विमलक्काला त्यात पळायचं होतं. “शालिनी, तू कॉलेजात नंबर लावून पळालीस. मी जन्मात कधी नंबर लावला नाही गं. शाळेत मुलींना पळवायचेच नाहीत, नुसतं लेझीम.” आम्ही नावं नोंदवली. कागदाचे नंबर घरी आले, त्या संध्याकाळी तिनं तो पदरावर टाचून आरशात पाहिला आणि मला फोन केला, “अय्यो, मी बसच्या मागची पाटी दिसते.” पण आवाजात जे होतं ते मी ओळखलं. तिला ती दौड पळायची होतीच. बाकी तिनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

त्याच उन्हाळ्यात टीव्ही बेभान झाला होता.

ऊन नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं. बोअर कोरडे पडलेले, टँकरसाठी सोसायट्यांत भांडणं. विमलक्काच्या घराशेजारचा करंज रस्ता रुंद करताना गेला होता. माझ्या सासरच्या त्या बिनपंख्याच्या घराच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि ती दिवसभर समोरच्या घरांवर ऊन परत फेकत असते. पण टीव्हीवर हे कुठं असतं? तिथं फक्त ऊन असतं. लाल नकाशा, ज्वाळा, सायरन. सूटबूट घातलेला निवेदक गाडीच्या बॉनेटवर अंडं फोडतो आणि ऑम्लेट होतं का ते सगळा देश बघतो. झाड कुणी तोडलं हे विचारलं तर कार्यक्रम लांबेल, आणि जाहिरातदार तर इमारती बांधणारेच. त्यापेक्षा सूर्याला शिव्या घातलेल्या बऱ्या. तो नोटीस पाठवत नाही.

या सगळ्या आरडाओरड्याचा एक परिणाम असा, की आम्ही काहीच खरं मानेनासे झालो. मी म्हणायची, “हे काय ऊन आहे होय! काहून ओरडून राहिले हे लोक?” आणि विमलक्का म्हणायची, “बेंगळुरात कसलं ऊन? आमच्या घरी अजून फॅन नाही.” हा तिचा अभिमान. आजेसासऱ्यांपासून त्या घरात पंखा लागला नव्हता. पाहुण्यांना ती छत दाखवायची, लोक देवघर दाखवतात तसं. वास्तविक ते घर राहिलं होतं कुठं? मूळ घर उतरवून तिच्या मुलानं, रघूनं, त्याच जागी मजले चढवले होते. खालचे भाड्यानं दिलेले, सगळ्यात वर हे लोक, डोक्यावर थेट सिमेंटचा स्लॅब. दोन्ही बाजूंच्या इमारती खिडक्यांना चिकटलेल्या. वारा यायची वाटच राहिली नव्हती, पण पंखा नसण्याचा मान शिल्लक होता. एक छोटा पंखा होता खरा, दीपाच्या लॅपटॉपखाली. लॅपटॉप तापायला नको.

नागपूरची मी आणि बेंगळूरची ती. दोघींनाही आपापल्या गावाचं जे ऊन आठवत होतं, ते कधीच बदलून गेलं होतं.

तर एक दिवस सकाळी काठावर टीव्हीची मुलगी आली. बिचारी स्वतःच घामाघूम, हातात माईक, मागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस. ऑफिसातून फोनवर फोन. तिला उन्हानं हैराण झालेलं कुणी तरी हवं होतं आणि तिथं छान वारा सुटलेला. आधी ती माझ्याकडे आली. मी नागपूरच्या शर्यतीपासून सुरुवात केली. शेवटच्या वळणापर्यंत पोचायच्या आत तिनं माईक फिरवला.

“अम्मा, तुम्ही जरा पाणी डोक्यावर ओताल का?” तिनं विमलक्काला कन्नडात विचारलं.

“कशाला गं? मला गरम होत नाहीये.”

“असू दे हो. मला व्हिज्युअल लागतं. नाही मिळालं तर ऑफिसात ओरडा बसतो.”

विमलक्काचा चेहरा विरघळला. “लेकराची नोकरी आहे गं शालिनी,” असं मला म्हणून तिनं टोपी काढली, बाटली उपडी केली, पाणी नाकात गेलं, ठसका लागला, आणि ती हसत सुटली. मीही. “जमलं का बाळा? अजून एकदा करू?” असंही तिनं विचारलं. त्या मुलीनं अंगठा दाखवला आणि ती पळाली. आम्ही घरी जाताना अभिनेत्री अभिनेत्री म्हणून एकमेकींना चिडवत होतो.

दुपारपासून ती चित्रफीत सुरू झाली. रघू इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला. तिथं त्याच्या कुणा सहकाऱ्यानं ती त्याला पाठवली, ही तुझी आई ना म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे मी विमलक्काला बोलवायला गेले तर दार रघूनं उघडलं.

“मावशी, आई आजपासून येणार नाही.”

“काहून रे?”

“तुम्ही टीव्ही बघितला नाही? केवढी हालत झालेली तिची.”

“अरे, ती हसत होती. ते नाटक होतं. मी तिथंच होते.”

“मावशी, प्लीज. व्हिडिओ आहे माझ्याकडे.”

मी नुसती तिथं होते. त्याच्याकडे व्हिडिओ होता. आतून विमलक्काचा आवाज आला, “थोडे दिवस सरी म्हण गं शालिनी. पोर घाबरलंय. स्वल्प शांत होऊ दे, दौडीच्या आधी मी येतेच.” रघू वाईट मुलगा नाही. आईवर जीव आहे त्याचा. जीव असलेली माणसं अडवायला लागली की भांडताही येत नाही.

मी एकटीच पळाले. सुनेबद्दलचं वाक्य, जावयाबद्दलचं वाक्य, सगळं मनातल्या मनात बोलले.

घरात बसवलं म्हणून विमलक्का बसणार थोडीच. पायांतली रग कुठं तरी जायला हवी. तिनं संडिगे घालायला काढले. म्हणजे आपल्याकडच्या पापड्या-सांडग्यांसारखाच प्रकार. तांदळाचं पीठ, हिरवी मिरची, जिरं, हिंग, आणि तो चीक मोठ्या पातेल्यात ढवळत ढवळत शिजवायचा. हात थांबला की गुठळी. त्या बिनपंख्याच्या, बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात. मग गरम चीक घेऊन गच्चीवर, जुन्या धोतरावर एकेक संडिगा घालत जायचं. संडिग्यांना कडक ऊन लागतं. सकाळचं कोवळं चालत नाही. अकरानंतर बसायचं.

घरात सगळे खूश. सासूला अत्ते म्हणणारी दीपा मला म्हणाली, “अत्तेंना काही तरी उद्योग मिळाला, बरं झालं. नाही तर त्या तुमच्याबरोबर उन्हात पळत बसल्या असत्या.” टीव्हीवर पट्टी फिरतच होती, घराबाहेर पडू नका, घरीच थांबा. आणि विमलक्का कुठं बाहेर पडली होती? ती घरीच होती. गच्ची घराचीच असते. पहाटेच्या सावलीत पळणारी म्हातारी ही बातमी होते. भर दुपारी सिमेंटवर अनवाणी बसून संडिगे घालणारी म्हातारी ही बातमी नसते. ती आई असते.

मी एकदा दुपारी वर गेले होते. गच्चीवर पाय ठेववेना. विमलक्का धोतराच्या कडेला उकिडवी बसलेली, कपाळावर घामाच्या धारा, आणि शेजारी एक काळी छत्री उघडून ठेवलेली. छत्री संडिग्यांसाठी. हिच्या डोक्यावर नाही.

“अगं, डोक्यावर घे की ती.”

“कावळे येतात गं. छत्रीला घाबरतात.”

“कावळ्यांचं राहू दे, तू बघ स्वतःकडे.”

“तूच म्हणतेस ना, हे काय ऊन आहे होय?” ती हसली आणि तिनं पातेल्याच्या तळाचा गरम चीक वाटीत काढून मला दिला. वर कच्चं तेल. मी जिन्याच्या सावलीत बसून वाटी चाटून पुसून खाल्ली. चव उत्तम होती.

ती पडली त्या दिवशी मी नव्हते. दीपा आत दार लावून मीटिंगमध्ये. विमलक्का गच्चीवरून खाली आली, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली, आणि घाम येणं थांबलं. हे दीपानं नंतर सांगितलं, की अत्तेंचं अंग कोरडं होतं आणि तव्यासारखं. दीपाला तिनं आपल्या सासूच्या नावानं हाक मारली. मराठी गेली, नुसतं कन्नड राहिलं, मग तेही अर्धं अर्धं.

इस्पितळात मी धावत गेले. खरंच धावत. तिथं डॉक्टर विचारत होते, काय करत होत्या या? आणि रघू म्हणाला, “डॉक्टर, शी इज अ रनर. रोज पळायची.” डॉक्टरांनी मान हलवली. या वयात, अम्मा, या वयात कशाला हे, असं काहीसं ते म्हणाले. मी म्हटलं, “नाही हो, ती पळत नव्हती. बरेच दिवस पळालीच नाही. ती संडिगे घालत होती.” कुणी वळून बघितलं नाही. संडिगे हा शब्द इस्पितळात उभाच राहू शकत नाही. पळणं म्हटलं की कसं, कारण वाटतं.

आठवड्याभरात ते पक्कं झालं. भेटायला येणारे जिन्यातच कुजबुजायचे, पळायची म्हणे. माझी लेक मला म्हणाली, “आई, बघितलंस ना? आता तरी ऐक.” गल्लीतल्या एकीनं तर मला सरळ विचारलं, “तुम्हीच नाद लावला ना?” पूर्वीची ती वेण्यावाली असती तर तिनं भांडून गल्ली डोक्यावर घेतली असती. मी तिच्या बाजूनं पुढे निघून आले. सत्तरीच्या जवळ आलं की आपला राग लोकांना गोड वाटायला लागतो. म्हणून तो काढायचाही नाही.

दीपानं दुसऱ्या दिवशी गच्चीवरचे संडिगे गोळा केले. वाया कशाला घालवायचे? छान वाळले होते. नंतर सगळ्यांना डबे भरून वाटले, मलाही दिला. मी तळले. चांगले फुलले.

दौडीच्या आदल्या दिवशी पाऊस पडून गेला आणि पहाट इतकी गार होती, की सुरुवातीच्या रेषेवर लोक हात चोळत उभे होते. त्या दिवशी तिथं एकही वाहिनी नव्हती. गारठ्याची बातमी होत नाही. मी पळाले. पूर्ण पळाले. शेवटच्या चारपाचांत आले आणि पदक पिशवीत टाकून घरी आले. विमलक्काला सांगायला गेले तेव्हा ती झोपली होती, म्हणून सांगितलं नाही. नंतर सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

ती वाचली, एवढं मात्र सगळे आवर्जून म्हणतात. खरंच वाचली. पण पावलांचा तोल गेला. भिंतीला धरून संडासापर्यंत जाते. बोलते नीट, फक्त मध्येच एखादा शब्द शोधते आणि सापडला नाही की खिडकीकडे बघते. रघूनं मन लावून सगळं केलं. तिच्या खोलीत एसी बसवला. जिथं कधी पंखा लागला नव्हता त्या घरात. खिडकीच्या फटी कापडानं बुजवल्या. दाराखाली गुंडाळलेली चादर. उन्हाळाभर तो एसी चालू असतो आणि विमलक्का एप्रिलमध्ये स्वेटर घालून, पायांत मोजे घालून पलंगावर बसलेली असते. समोर टीव्ही. ऊन बघते.

मी आठवड्यातून एकदा जाते. आम्ही बोलतो. तिच्या औषधांचं बोलतो, माझ्या गुडघ्याचं बोलतो. पळण्याचं बोलत नाही. कधी कधी ती माझ्या बुटांकडे बघते, आणि मी पाय पलंगाखाली घेते.

यंदा मात्र मी ठरवलंच होतं. डॉक्टर म्हणालेत, चालवा त्यांना, नाही तर पाय जातील. हे रघूनंच मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज वेगळा झाला. पाय जातील म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. म्हणून काल मी अंधार फिटायच्या आधीच तिच्या घरी गेले. रघू जागाच होता. त्यानं स्वतः तिचे बूट पुसून दाराशी ठेवले होते.

“मावशी, न्या तिला. प्लीज. माझं ऐकत नाही ती. तुमचं ऐकेल.”

इतकी वर्षं ज्या परवानगीसाठी मी मनातल्या मनात भांडत होते ती अशी दारातच मिळाली. मी खोलीत गेले. आत बर्फाच्या लादीसारखा गारठा. विमलक्का जागी होती. आवाज बंद करून टीव्ही लावलेला, लाल नकाशा हलत होता.

“चल, विमलक्का. बाकापर्यंत. मी धरते.”

“आज नको गं.”

“का?”

“ऑरेंज अलर्ट आहे आज. बघ की.”

“अगं, ते दुपारचं. आता पहाट आहे. बाहेर छान गार आहे.”

“तुला वाटतं गार आहे.” ती समजावणीच्या सुरात म्हणाली, लहान मुलाला सांगतात तसं. “मी आधी ऐकलं नाही ना, त्याचंच झालं. पळत सुटले उन्हातान्हात. रघू सांगत होता.”

“तू पळत नव्हतीस,” मी म्हटलं. “तू संडिगे घालत होतीस. आठवतं का? मी वाटीभर चीक खाल्ला.”

तिनं आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग हळूच मान हलवली. “नाही गं. पळतच होते. टीव्हीवर आहे ना.”

मी उठून खिडकीपाशी गेले, फटीतलं कापड काढलं आणि कडी सरकवली. बाहेर रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. कुणी तरी अंगणात सडा घालत होतं, ओल्या सिमेंटचा वास आला, आणि वाऱ्याची एक लांब, गार झुळूक आत शिरून तिच्या पांढऱ्या केसांपर्यंत गेली.

विमलक्कानं स्वेटर गळ्याशी आवळला.

“बंद कर गं शालिनी,” ती घाबरून म्हणाली. “ऊन आत येतंय.”

सूर्य उगवायला अजून अवकाश होता. मी खिडकी लावली.